जासिंतोचा दगड

तिया ओलांदिनाला ‘कुठे निघालीस’ असं विचारलं, की वर जायचं असेल तर ती ‘खाली’ म्हणायची आणि खाली जायचं असेल तर ‘वर’. ही सवय गावाला पाठ होती, त्यामुळे तिला गाठायचं असेल तर लोक ती सांगेल त्याच्या उलट दिशेने जात. मग हे तिच्याही लक्षात आलं आणि मधूनमधून ती खरं सांगायला लागली. तेव्हापासून ती कुठे असते ते कोणालाच कळेनासं झालं.

तिया म्हणजे मावशी. माझी काही ती सख्खी मावशी नव्हे, पण आमच्या हातुबेरात निम्म्या बायका सगळ्यांच्याच मावश्या आहेत. आईनारोहून वर येणाऱ्या रस्त्यावर माझं चार खोल्यांचं गेस्टहाऊस आहे आणि समोर तिची टपरी. ती कॉफी विकते, उकडलेला मका विकते, विड्याची पानं आणि सुपारी विकते. मिठाची पिशवी घेतली की ती दुकानदारासमोर फोडून चाखते. कोणी पाणी दिलं की आधी देणाऱ्याला घोटभर प्यायला लावते. रात्री दाराच्या फटीत घेवड्याचा एक दाणा ठेवते आणि सकाळी तो जागच्या जागी आहे की नाही ते बघते. आजवर तो कधीच हललेला नाही, आणि याचंही तिला नवल वाटत नाही. तिच्या मते हलवणारा पुन्हा जागेवर ठेवत असणार.

इंडोनेशियाच्या सैन्याशी युद्ध चालू होतं त्या काळात ती चिठ्ठ्या पोचवायची. नऊ वर्षं. राजधानी डिलीहून आलेला कागद अंबाड्यात नाहीतर सुपारीच्या टोपलीत तळाशी घालून डोंगरात लढणाऱ्या आपल्या माणसांकडे न्यायचा आणि तिकडचा कागद इकडे आणायचा. तिला वाचता येत नाही, त्यामुळे काय नेलं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदाही सापडली नाही. ‘शंका घेतली म्हणून राहिले’, असं ती म्हणते, आणि ज्यांनी शंका घेतली नाही त्यांची नावं ती बोटांवर सांगू शकते.

मी तिला हसतो खरा, पण आम्ही काही वेगळे नाही. इंडोनेशियाच्या राजवटीच्या चोवीस वर्षांत या गावात कोणी कोणाचं नाव शिपायांना सांगितलं याचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही. आता आमचा झेंडा आहे, राष्ट्रगीत आहे, पासपोर्ट आहे. स्वातंत्र्याला पंधरा वर्षं झाली, आणि तरी परका माणूस रस्त्यावर उतरला की आमचा आवाज आपोआप खाली येतो. मी स्वतः पाहुणा गेल्यावर टॉवेल मोजतो.

त्या वर्षी तियाला एकच गोष्ट हवी होती. तिला काळे कपडे उतरवायचे होते.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर काळं घालतात. वर्ष भरलं की सगळं कूळ जमतं आणि काळं उतरवतात. तियाचा बाप गेला, मग नवरा, मग सासू, मग गेल्या नोव्हेंबरात आई. मी तिला रंगीत कपड्यांत उभ्या आयुष्यात दोनदा पाहिलं, त्यातलं एकदा मतदानाच्या दिवशी. या वेळी तिने पिवळ्या फुलाफुलांचा ब्लाउज घेऊन ठेवला होता. तोही माझ्या कपाटात, कारण तिचा ना स्वतःच्या घरावर विश्वास ना पुतण्यांवर. ती म्हणायची, आता मरायला मीच उरलेय, आणि माझ्यासाठी काळं मी घालणार नाही.

काळं उतरवायचं ते दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी. त्याच दिवशी कुळाच्या नव्या चौथऱ्याची स्थापना होती. पुतण्यांनी दफनभूमीत सगळ्यांची थडगी एका सिमेंटच्या ओट्यात घेतली होती. आमच्या कुळाची वंशावळ तोंडपाठ असलेले अवो बेर्नार्दिनो, म्हणजे आमचे बेर्नार्दिनो आजोबा, एकेक नाव तीनदा पुकारणार आणि त्या माणसाच्या जवळच्याने ‘आहे’ म्हणून दगडावर विडा ठेवायचा. एरवीचे विडे नुसते आठवणीचे, पण एकदा असा पुकारून विडा ठेवला की तो माणूस कायमचा मेलेल्यांत जमा झाला. मग त्याची वाट बघायची नसते. चुकून जिवंत माणसाच्या नावाने असा विडा ठेवला, तर तो जिथे असेल तिथे मरतो, असं आम्ही मानतो. मीही मानतो. मी बारावीपर्यंत शिकलोय आणि तरी मानतो.

नावं अकरा होती. शेवटचं जासिंतोचं, तियाच्या धाकट्या भावाचं. शिपायांनी लोकांना डोंगरातून खाली आणून छावणीत ठेवलं होतं त्या वर्षी तो उपासमारीने गेला, सहा वर्षांचा. देह मिळाला नाही म्हणून त्याच्या आईने पांढरा दगड आणून ठेवला होता. असे दगड आमच्या दफनभूमीत पुष्कळ आहेत, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटत नाही.

तो दिवस सहा दिवसांवर आला आणि एक परका माणूस ट्रकमधून उतरला.

नाव रुस्लान. पासपोर्ट इंडोनेशियाचा, पत्ता मकास्सरचा. वय चव्वेचाळीस, कुरळे केस, पाठीवर एक बॅग आणि शर्टाच्या खिशात दोरीने बांधलेली वही. बोलायचा अगदी हळू आणि नको इतका नम्रपणे. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला विचारलं की झरा कुठल्या बाजूला आहे, इथे पूर्वी तीन सुरूची झाडं होती का, आणि चर्चचं तोंड रस्त्याकडे का आहे. चर्च नव्व्याण्णवला जाळलं होतं, नंतर बांधलं ते रस्त्याकडे तोंड करून. आधी त्याचं तोंड झऱ्याकडे होतं. पण हे बाहेरच्याला कसं ठाऊक?

गावात रात्रीतून चार तर्क तयार झाले. एक, तो जमीन मागायला आलाय, त्याच्या बापाकडे त्या राजवटीतले कागद असणार. दोन, तो एखाद्या शिपायाचा मुलगा आहे आणि बापाने पुरलेलं काहीतरी उकरायला आलाय. तीन, खाणवाल्यांचा माणूस. चौथा तर्क शाळेच्या शिपायाचा होता, की तो खरंच फिरायला आलाय. त्याला सगळे हसले.

तियाने तपास स्वतःकडे घेतला. दुसऱ्या दिवशी तो तिच्या टपरीवर कॉफीला बसला, तेव्हा तिने मला हाक मारून दुभाषी केलं. इंडोनेशियन ती स्वातंत्र्याच्या दिवशी विसरली होती. खरोखर विसरली होती असं नाही, पण त्या दिवसापासून त्या भाषेतला एक शब्दही बोललेली नव्हती. एकदा एका सरकारी माणसाने तिला त्या भाषेत वाट विचारली, तर तिने नुसता हात दाखवून त्याला थेट नदीत उतरवला होता.

“विचार, काय काम करतो?” ती म्हणाली.

तो म्हणाला, मी फिरतो आणि लिहितो. नव्या देशाबद्दल लिहायचंय.

“त्याला सांग, आम्ही चोवीस वर्षं फिरलो. एक ओळ लिहिली नाही. लिहिली असती तर इथे कॉफी द्यायला उरलो नसतो.”

मी त्याला सांगितलं की बाईंना आनंद झालाय. तो माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघून हसला, आणि तिने ते टिपलं. तो गेल्यावर म्हणाली, “ह्याला कळतंय मी काय बोलते ते.”

“तुलाही त्याचं कळतंय की.”

“माझं वेगळं आहे, नेलियो. मी लपवते ते कामासाठी.”

“आणि तो?”

“त्याचंही काहीतरी काम असणार. तेच तर बघायचंय.”

पुढचे दोन दिवस ती त्याच्या मागावर होती. तो सकाळी झऱ्याकडे जायचा, वाकून पाण्यात हात घालायचा, मग बसून लिहायचा. जुन्या छावणीच्या माळावर जाऊन उगीच उभा राहायचा. दफनभूमीच्या भिंतीपाशी थांबायचा. एका दुपारी तर त्याने विड्याची पानं विकत घेतली आणि न खाता नुसती हुंगली. तियाच्या लेखी याच्याहून संशयास्पद काही असूच शकत नव्हतं. पान घेऊन न खाणारा माणूस तिने युद्धातही पाहिला नव्हता.

शेवटी तिने मला फर्मान काढलं, की तो अंघोळीला गेला की वही आण. मी म्हटलं, पाहुण्याच्या सामानाला हात लावणं बरं नव्हे. ती म्हणाली, “टॉवेल मोजतोस तेव्हा कुठे जातो तुझा बरेपणा?” हे तिला कसं कळलं ते मी विचारलं नाही.

एकतीस तारखेच्या सकाळी तो शर्ट खुंटीला टांगून झऱ्यावर अंघोळीला गेला आणि मी वही घेऊन तिच्या टपरीच्या मागे गेलो. दोरीची गाठ कशी होती ते तिने आधी नीट बघून घेतलं, मग स्वतः सोडली. मी वाचायचं आणि आमच्या भाषेत सांगायचं, ती सुपारी कातरत ऐकणार.

सुरुवातीला त्याने आमच्या देशाबद्दल लिहिलं होतं. ‘हा देश माझ्यापेक्षा लहान आहे, पण इथली माणसं माझ्यापेक्षा फार म्हातारी वाटतात. मुलं मला बघून हात हलवतात. मोठी माणसं आधी माझ्या हातांत काय आहे ते बघतात. प्रत्येक घराला मागचं दार आहे, आणि त्याचा उंबरा पुढच्या दाराच्या उंबऱ्यापेक्षा जास्त झिजलेला आहे.’

“खरं आहे,” तिया म्हणाली. “पुढे.”

‘गेस्टहाऊसचा मालक फार हसतो. मला वाटतं तो घाबरट आहे.’ हे मी वगळणार होतो, पण माझा चेहरा बघून तिने वाचायला लावलं आणि मान डोलावली. ‘समोरची बाई उत्तम कॉफी देते आणि माझा पेला संपेपर्यंत पापणी लववत नाही. या देशाने शत्रूला घालवलं, पण पहारा अजून उठवलेला नाही. मला यांचा राग येत नाही. माझ्यासारख्या माणसाकडे यांनी दुसरं कसं बघावं?’

मी पान उलटलं. तारीख आदल्या दिवशीची होती.

‘आज पुन्हा दफनभूमीच्या भिंतीपाशी थांबलो. ती कॉफीवाली बाई नव्या ओट्यावर साफसफाई करत होती. प्रत्येक थडग्यासमोर तिने एकेक विडा ठेवला. थडगी अकरा, विडे दहा. टोकाच्या पांढऱ्या दगडासमोरून ती तशीच पुढे गेली. परवाही तिने असंच केलं होतं. त्या दगडाखाली कोण आहे? विचारायचं धाडस झालं नाही.’

सुपारी कातरायचा आवाज थांबला.

“पुन्हा वाच,” ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. “दहा म्हणतो?”

“दहा.”

आता माझ्याही डोळ्यांसमोर आलं. दरवर्षी मृतांच्या दिवशी मी तिच्यामागे उभा राहत आलोय. तिची आई जासिंतोच्या दगडावर विडा ठेवायची, मेणबत्ती लावायची, रडायची. तिया कधीच ठेवत नसे. मला वाटायचं, आई ठेवते म्हणून ही ठेवत नाही. पण आई गेल्यालाही वर्ष झालं होतं. उभ्या गावाला जे चाळीस वर्षांत दिसलं नाही ते या परक्याला दोन दिवसांत दिसलं होतं.

शेवटच्या पानावर त्याने लिहिलं होतं, ‘हे सातवं गाव. मला सैनिकाने जहाजातून नेलं तेव्हा मी पाच-सहा वर्षांचा असेन. त्या सैनिकालाच मी वडील म्हणतो. त्यांनी मरताना एवढंच सांगितलं की तुझं गाव आईनारोच्या डोंगरात होतं आणि तुझ्यासाठी कागदावर कोणीतरी अंगठा दिला होता. गावाचं नाव त्यांना आठवलं नाही. मला झरा आठवतो, तीन झाडं, झऱ्याकडे तोंड केलेलं चर्च, विड्याच्या पानाचा वास आणि माझा हात धरलेला एक हात. तो ओला होता. हेही गाव नसलं तर आता पुरे.’

मी वही मिटली. तिने दोरी घेतली, होती तशी गाठ मारली, डाव्या अंगाला फास ठेवून, आणि वही माझ्या हातात दिली.

“माणूस हुशार आहे,” एवढंच म्हणाली. मग म्हणाली, “कोणाला बोलू नकोस. आणि त्याला उद्या डिलीला पाठव.”

“का?”

“तू गेस्टहाऊस चालव.”

त्या क्षणापासून माझा संशय त्या माणसावरून उठला आणि तिच्यावर बसला. दिवसभर मी खिडकीतून तिची टपरी बघत होतो. तिने मका उकडायला ठेवला आणि करपवला. भर दुपारी, जेव्हा कोणी जात नाही, ती दफनभूमीकडे गेली. ‘खाली जाते’ म्हणाली आणि खालीच गेली, यावरूनच मी ओळखलं की तिचं चित्त ठिकाणावर नाही. मी मागोमाग गेलो. ती पांढऱ्या दगडाशेजारी जमिनीवर बसली होती. तोंडाने काही पुटपुटत नव्हती, रडत नव्हती. परीक्षेत उत्तर न येणारं मूल बसतं तशी बसली होती. मला तिची फार दया आली, आणि भीतीही वाटली, कारण ज्या बाईने नऊ वर्षं शिपायांना चकवलं ती आपल्या सगळ्यांना काय काय चकवू शकेल ते सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी मी रुस्लानला सांगितलं की दोन तारखेला आमच्यात धार्मिक कार्य आहे, बाहेरच्या माणसाला चालत नाही, तुम्ही उद्या निघा. हे साफ खोटं होतं. त्या दिवशी तर रस्त्यावरच्या वाटसरूलाही बोलावून जेवू घालतात. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ‘ठीक आहे’ म्हणाला. कोणी जा म्हटलं की जायची त्याला सवय असावी.

पण मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली नाही. एक तारखेला सगळे ट्रक फुलं आणि माणसं घेऊन वर येतात आणि तीन तारखेपर्यंत एकही खाली जात नाही. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तियाला मी नंतर सांगितलं की माझ्या ध्यानात राहिलं नाही. तेही खोटं होतं. मला बघायचं होतं काय होतं ते. एक तारखेला दिवसभर तो रस्त्यावर बॅग घेऊन उभा राहिला आणि संध्याकाळी माझ्याकडे परत आला. म्हणाला, उद्या पायी उतरतो.

पायी उतरायची वाट दफनभूमीच्या भिंतीलगत जाते.

दोन तारखेला सकाळी सगळं कूळ ओट्याभोवती जमलं. फुलं, मेणबत्त्या, डुकराच्या मटणाची पातेली, भाताच्या टोपल्या. तिया काळ्या कपड्यांत पुढे उभी होती, हातात टोपली, टोपलीत मोजून लावलेले विडे. पिवळा ब्लाउज पिशवीत घालून मी आणला होता. अवो बेर्नार्दिनोंनी पुकारायला सुरुवात केली. त्यांचं वय झालंय, पण नावं पुकारताना त्यांचा आवाज तरुण होतो. पणजोबा, पणजी, आजोबा. प्रत्येकाला ‘आहे’, प्रत्येकाला विडा. बापाला तियाने ठेवला. नवऱ्याला ठेवला. आईला ठेवताना तिचा हात जरा थांबला आणि मग ठेवला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून रुस्लान आला. पाठीवर बॅग. इतकी माणसं बघून तो थांबला आणि त्याने टोपी काढली. तियाने आधी त्याची बॅग बघितली, मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत एवढ्या शिव्या होत्या की मी पिशवी पोटाशी धरली.

“जासिंतो,” अवोंनी पुकारलं.

टोपलीत शेवटचा विडा होता.

“जासिंतो.”

लोक तियाकडे बघायला लागले. तिचा पुतण्या हळूच म्हणाला, ठेव ना. अवोंनी तिसऱ्यांदा पुकारायला श्वास घेतला.

“पुकारू नका,” तिया म्हणाली. “तो नाही इथे. तो मेला नव्हता. मी त्याला दिला.”

मग तिने सांगितलं. फार मोठ्याने नाही. ती सोळा वर्षांची होती. छावणीत रोज माणसं मरत होती. आई तापाने उठत नव्हती आणि भावाचे पाय सुजायला लागले होते, ते सुजले की चार-पाच दिवसांत पोर जातं हे तिने पाहिलं होतं. एक शिपाई त्याला आपला भात द्यायचा. तो म्हणाला, मी घरी नेतो, शाळेत घालतो. कागद आणला. त्यावर काय लिहिलंय ते तिला वाचता आलं नाही. तिने अंगठा दिला. भावाला झऱ्यावर नेऊन तोंड धुतलं, हात धरून ट्रकपर्यंत नेलं.

“आईला सांगितलं मेला म्हणून. जिवंत म्हटलं असतं तर ती त्याच्यामागे चालत निघाली असती, आणि तिला चालता येत नव्हतं. वाटलं, बरी झाली की सांगू. ती बरी झाली तेव्हा दगड ठेवून मोकळी झाली होती.”

कोणीतरी म्हणालं, अडतीस वर्षं त्या माउलीने जिवंत पोराला मेणबत्ती लावली. एक चुलत बहीण मागे सरली आणि थुंकली. तियाने मान खाली घातली नाही. इतकी वर्षं ती आमच्या प्रत्येकावर संशय घेत होती, आणि मला त्या क्षणी कळलं की तिला भीती फक्त एवढीच होती, की आमच्यापैकी कोणाला तरी हे ठाऊक असेल.

अवोंनी ओट्यावर काठी टेकली आणि ते म्हणाले की दोनदा पुकारलंय, तिसऱ्यांदा नाही, त्यामुळे नाव परत घेता येतं. पण दगड इथे राहू शकत नाही. ज्याच्या शब्दावरून ठेवला त्यानेच तो बाहेर न्यायचा.

रुस्लानने मला विचारलं की काय चाललंय. मी सांगायला तोंड उघडलं तर तिया आमच्यासमोर येऊन उभी राहिली.

“तू गप्प,” ती मला म्हणाली. आणि मग पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या भाषेत बोलली. शब्द गंजले होते, एकेक शोधून काढत होती. तिने त्याला सगळं पुन्हा सांगितलं, शिपाई, कागद, अंगठा. माझ्याकडून वही तिनेच आणवली हेही सांगितलं. तो ऐकत राहिला, टोपी दोन्ही हातांत धरून.

“तुझं नाव काय होतं?” तिने विचारलं.

“रुस्लान ठेवलं. त्याआधीचं आठवत नाही.”

“शिपायाच्या हातावर काही होतं? डाग, गोंदण?”

“नव्हतं. वडिलांच्या हातावर काही नव्हतं.”

“मलाही काही असल्याचं आठवत नाही,” ती म्हणाली. म्हणजे ती आताही त्याला तपासत होती.

त्याने विचारलं, “मीच आहे का तो?”

“मला माहीत नाही. तो या दगडाखाली नाही, एवढं मला माहीत आहे.”

ती वळली, ओट्याच्या टोकाशी गेली आणि दगडाला हात घातला. दगड जड होता, एका टोकाने जरासा उचलला गेला आणि पुन्हा टेकला. पुतण्या पुढे झाला, तर अवोंनी काठी आडवी धरली. तिने पुन्हा प्रयत्न केला. मग रुस्लानने बॅग उतरवून भिंतीशी ठेवली, आत आला आणि दगडाचं दुसरं टोक धरलं. त्याला अवोंनी अडवलं नाही. का अडवलं नाही ते मी नंतर विचारलं, तर म्हणाले, त्या वेळी मला नीट दिसलं नाही.

फाटकाबाहेर आल्यावर त्याने विचारलं की कुठे ठेवायचा.

“माझ्या चुलीपाशी,” ती म्हणाली. “बसायला होईल.”

काळं तिने त्या दिवशी उतरवलं नाही. बाकी सगळ्यांनी उतरवलं. मी पिशवी पुढे केली तर म्हणाली, “आईचं वर्ष झालं. आता आईला खोटं सांगितलं त्याचं एक वर्ष.” पुढच्या दोन नोव्हेंबरला तिने तो पिवळा ब्लाउज घातला. त्याची त्याच चुलत बहिणीने तारीफ केली तेव्हा तिया म्हणाली, तुला काय हवंय ते आधी सांग.

रुस्लान त्या वेळी बारा दिवस राहिला. जाताना त्याने तिला विचारून थुंकीचा नमुना घेतला. अशी तपासणी होते, सख्खे आहोत की नाही ते कळतं, असं त्याने समजावलं. ती म्हणाली, तुला हवी असेल तर कर. चार महिन्यांनी पाकीट आलं, माझ्याच पत्त्यावर. आत आणखी एक बंद पाकीट आणि त्याची चिठ्ठी होती, ती मी वाचून दाखवली. ‘प्रयोगशाळेने दिलंय तसंच पाठवतोय. मी उघडलेलं नाही. ताई उघडेल तेव्हा मला कळव म्हणावं.’

तिने पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं, उजेडात धरलं, वास घेतला. मिठाच्या पिशवीवरही विश्वास न ठेवणारी बाई, ती हे लगेच फोडून मला वाचायला देईल असं मी धरून चाललो होतो. तिने ते टोपलीत टाकलं, तळाशी, सुपारीच्या खाली.

“मी वाचून दाखवू?” मी विचारलं.

“आजवर एवढे कागद नेले,” ती म्हणाली. “त्यातला एक तरी कुठे उघडला होता?”

याला आता सहा वर्षं होतील. रुस्लान दर नोव्हेंबरला येतो, माझ्याकडे उतरत नाही, तिच्याकडे उतरतो. जासिंतोच्या दगडावर बसून मका सोलतो. तो पाणी देतो तेव्हा ती अजूनही आधी त्याला घोटभर प्यायला लावते. पाकीट टोपलीत तसंच आहे. मागे ती खरंच खाली गेली होती तेव्हा मी टपरीत शिरून सुपारी बाजूला सारली. पाकिटावर तिने आपला एक पांढरा केस आडवा ठेवला होता. मी सुपारी होती तशी वर लोटली आणि बाहेर आलो.